ठरावाखालच्या कोऱ्या ओळी

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे पाळकसाहेब उपासनेआधी झगा चढवतात, तिथे भिंतीवर धर्मप्रांताच्या सगळ्या बिशपांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत. पहिले काही गोरे, दाढीवाले. नंतरचे आपले. शेवटच्या फोटोला काच मी स्वतः चोपड्याला जाऊन बसवून आणली होती. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, आणि काचेला तडा जाऊ नये म्हणून मी तो फोटो एसटीत मांडीवर धरून बसले होते. आता त्या खोलीत कमिटीची सभा असली की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. कुणी विचारलं तर कारणही सांगते. मला मनात एक आणि तोंडावर एक असं कधी जमलंच नाही.

आमचं गाव चोपड्याहून शिरपूरकडे जाताना लागतं. एका बाजूला सातपुडा, बाकी तिन्ही बाजूंना केळी. ख्रिस्ती घरं मोजकीच. काही गावात, काही आसपासच्या पाड्यांवर. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळक नसतील त्या रविवारी उपासना चालवायचे. आई मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तिथूनच निवृत्त झाले. चर्चच्या कमिटीची सेक्रेटरी मी कधीपासून आहे ते आता मलाही आठवत नाही. दुसरं कुणी लिहायला तयार नसायचं, म्हणून मी.

धर्मप्रांताच्या नकाशात खान्देश म्हणजे शेपूट. मुख्य ऑफिस लांबच्या शहरात, कॉलेजं तिकडे, दवाखाने तिकडे, बिशपही तिकडचेच. ते आमच्याकडे यायचे तरुण मुलांच्या दृढीकरणासाठी, म्हणजे त्यांना चर्चचे पक्के सभासद करून घेण्याच्या विधीसाठी, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. गाडी फाटकात थांबायची, मुलांच्या डोक्यांवर हात ठेवले जायचे, जेवण व्हायचं आणि डिकीत केळीचा घड ठेवला की गाडी निघाली. वडील त्या गाडीमागच्या धुळीकडे बघत म्हणायचे, "आपला माणूस एकदा तरी त्या खुर्चीत बसायला हवा. त्याशिवाय आपल्याला कुणी विचारणार नाही." आम्ही हसायचो. इथल्या पाड्यावरचा पोरगा आणि बिशप! काहीतरीच, असं वाटायचं.

तो माणूस आमच्याच ओसरीवर जेवत होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानी आलं नाही.

तो पाचवीत बोर्डिंगात आला. आई नव्हती, बाप कामासाठी गुजरातेत. आल्या आल्या त्याला विषमज्वर झाला, तेव्हा माझ्या आईनं त्याला महिनाभर आमच्या घरी ठेवून घेतला. त्या महिन्यात तो तिला 'माय' म्हणायला लागला तो कायमचा. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी अक्का. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं होतं. मी त्याला रोज दुपारी अंगणात पाटीवर गिरवायला बसवायची. सगळी अक्षरं सुधारली, एक 'ल' तेवढा सुधारला नाही. त्याच्या 'ल'ची शेपटी ओळीच्या खाली लोंबायची. मी पट्टी मारून थकले, तो हसून थकला नाही.

आता आमच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच फिरलं. आमच्या कमिटीची ठरावबही आहे, लाल कापडी पाठीची. सभा संपली की सेक्रेटरीनं त्यात ठराव लिहायचे. शेवटच्या ठरावाखाली आठ ओळी कोऱ्या सोडायच्या, आणि त्यांच्या खाली आम्ही सगळ्यांनी सह्या करायच्या. त्या आठ ओळींत पाळकसाहेब मागाहून, रविवारच्या आत, त्या सभेसाठी एखादं शास्त्रवचन लिहितात आणि रविवारी उपासनेत बही हातात घेऊन ते वाचून दाखवतात. वडील सांगायचे, हे एका गोऱ्या पाद्र्यापासून सुरू झालं. त्याला मराठी बोलता यायचं, पण लिहायला घेतलं की घाम फुटायचा. एक वचन उतरवायला त्याला दोन दिवस लागायचे. पाड्यांवरच्या माणसांना तर सूर्य मावळायच्या आत बैलगाड्या जुंपायच्या असत. तेव्हा तुम्ही सह्या करून निघा, मी सावकाश लिहितो, असं ठरलं. पाद्री गेला, बैलगाड्या गेल्या, आठ ओळी राहिल्या. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, कोऱ्या कागदाखाली सह्या करता, वेडबिड लागलंय का तुम्हाला? आम्हाला तसं कधी वाटलंच नाही. ती जागा देवाच्या शब्दाची होती. तिथे दुसरं काही कोण लिहिणार?

तो शिकून पाळक झाला, तेव्हा त्याची पहिली नेमणूक आमच्याच चर्चमध्ये झाली. तीन वर्षं होता. त्या तीन वर्षांच्या पानांवर आठ-आठ ओळींत त्याचंच अक्षर आहे, शेपटीवाल्या 'ल'सकट. रविवारी तो वेदीपुढे उभा राहून बहीतून वाचायचा आणि पहिल्या बाकावर माझी आई मान डोलवायची. तिला वाचता येत नव्हतं. तो कुठून वाचतोय हे बघायला तिला आवडायचं.

पुढे तो चढत गेला. मोठ्या शहरांतली चर्चं, मग ऑफिसातली पदं. आणि बिशपांची जागा रिकामी झाली तेव्हा जी नावं पुढे आली त्यांत त्याचंही होतं. मी त्या वेळी आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या माणसांची, प्रतिनिधी म्हणून धर्मप्रांताच्या परिषदेवर होते. खरं सांगते, मी त्या निवडणुकीसाठी जेवढी पायपीट केली तेवढी माझ्या स्वतःच्या लग्नासाठी कुणी केली नसेल. धुळ्याला गेले, जळगावला गेले, शिरपूरच्या पुढच्या पाड्यांवर जीपमध्ये कोंबून गेले. एकेका प्रतिनिधीच्या घरी बसून एकच सांगायचं, "इतकी वर्षं आपण दुसऱ्यांचे बिशप वाहिले. आता आपला एक होऊ द्या." धुळ्याच्या एका सद्‌गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही त्याची एवढी खात्री कशाच्या जोरावर देता?" मी म्हटलं, "माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलाय. अजून काय पाहिजे?" अजून बरंच काही पाहायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी ती खात्री अशी वाटत सुटले जणू ती माझ्या घरच्या झाडाची फळं होती.

तो बिशप झाला. त्या दिवशी मी वडिलांच्या थडग्यावर जाऊन बसले आणि मोठ्यानं सांगून आले. लोकांनी पाहिलं, पाहू देत.

वडिलांचं थडगं आमच्या दफनभूमीत अगदी शेवटच्या ओळीत, कडुनिंबाखाली आहे. दफनभूमी चर्चच्या मागेच. पुढची सगळी जागा भरलेली, मागे कडुनिंबापासून नाल्यापर्यंतचा पट्टा मोकळा. वडिलांच्या डाव्या अंगाला आईनं स्वतःसाठी जागा धरून ठेवली होती. तिथे तिनं चार दगड मांडले होते, आणि दर ईस्टरला आम्ही थडग्यांना चुना लावायला गेलो की ती त्या चार दगडांनाही चुना लावायची. मी रागवायची, "अगं माय, जितेपणी हे काय भलतंच?" ती म्हणायची, "मनी जागा शे. दुसरं कोनी बसी गयं म्हंजे?" माझी जागा आहे, दुसरं कुणी बसलं तर? सत्तेचाळीस वर्षांचा संसार, त्यात दोघांत भांडणं म्हणाल तर रोजची. पण वडील गेल्यापासून तिचं एवढं एकच मागणं होतं. साडी नको, दागिना नको, ती जागा.

बिशप होऊन तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा गावात ढोल लागले. आईनं वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करायला लावली. तिला स्वतःला चुलीपुढे बसवत नव्हतं, ती पाटावरून नुसते हुकूम सोडत होती. जांभळ्या सदऱ्यातला तो बाकी सगळ्यांना सोडून खाली तिच्याजवळ बसून जेवला. मी त्याला "साहेब, अजून एक बट्टी घ्या" म्हणाले, तर तो म्हणाला, "अक्का, साहेब काय? पट्टी आणू का?" सगळे हसले. जेवण झाल्यावर आईनं त्याचा हात धरून त्याला कडुनिंबाखाली नेलं आणि ते चार दगड दाखवले. "तू आते मोठा व्हयना. मनी जागा धरी ठेव." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाला, "माय, तुझी जागा कोण घेतंय? मी आहे ना." मी तिथे उभी होते, माझ्या या कानांनी ऐकलंय.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याचा फोन आला. तो धर्मप्रांताचा इतिहास छापणार होता. आजवरचे बिशप, त्यांची कामं, कुठलं चर्च कधी उभं राहिलं, सगळं. "आणि या वेळी खान्देशावर अख्खं प्रकरण असेल, अक्का. तुझ्याकडच्या सगळ्या ठरावबह्या पाठव. चालू बहीसुद्धा पाठव. शेवटच्या सभेचं वचन मी स्वतः लिहून देईन, जुन्या दिवसांसारखं."

मला काय वाटलं असेल! त्याच आठवड्यात आमची सभा झाली. विषय तीनच. दफनभूमीच्या पुढच्या भिंतीची दुरुस्ती, नाताळची गाणी, आणि घंटेची दोरी बदलणं. मी ते तीन ठराव सुबक अक्षरात लिहिले, खाली मोजून आठ ओळी सोडल्या, आणि सगळ्यांना सांगितलं, "या वेळी वचन बिशपसाहेब लिहिणार आहेत." पाड्यावरचे आमचे नाना, कमिटीतले सगळ्यांत वयस्क, त्यांनी तर सही करण्याआधी हात धुतले. सह्या झाल्या. नवे पाळकसाहेब, त्यानंच पाठवलेले, दुसऱ्या दिवशी बह्या घेऊन गेले. मी त्या बह्या जुन्या चादरीत गुंडाळून वर सुतळी बांधून दिल्या होत्या.

महिने गेले. बह्या आल्या नाहीत, मी तगादाही लावला नाही. इतिहास लिहायला वेळ लागतो, असं मीच इतरांना सांगत होते.

मग एका सकाळी आईला घेऊन दफनभूमीत गेले. ईस्टर जवळ आला होता, चुन्याची बादली माझ्या हातात. आत शिरले आणि पाय जागीच खिळले. कडुनिंबाच्या अलीकडून सिमेंटचे खांब रोवले होते आणि त्यांना काटेरी तार ताणलेली. तार वडिलांच्या दगडापासून एक वीतभर अंतरावरून गेली होती. वडील तारेच्या या बाजूला. आईचे चार दगड त्या बाजूला, एक उलटा पडलेला. पलीकडे जेसीबी नाल्याची कड सपाट करत होता.

आईची नजर अधू. तिला खांब दिसले, तार दिसली नाही. म्हणाली, "भिंतनं काम चालू व्हयनं वाटस." मी "हो" म्हणाले. पहिल्यांदा तेव्हा खोटं बोलले. तिला वडिलांच्या दगडाशी बसवलं, चुन्याचा कुंचला तिच्या हातात दिला आणि तशीच तरातरा पाळकसाहेबांच्या दारात गेले.

ते बिचारे चहा पीत होते. म्हणाले, "बाई, तुम्हीच तर जागा दिलीत. कमिटीचा ठराव आहे."

"कुठला ठराव? कुणी केला?"

"तुमच्या सहीचा आहे. ऑफिसात बही आहे."

आईला घरी पोचवलं आणि त्याच दिवशी मी एसटी पकडली. जळगावला गाडी बदलली, रात्र बसस्टँडवर काढली नाही एवढंच, बाकी सगळे हाल सोसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ऑफिसात दोन तास बाकड्यावर बसले. शिपायानं माझं नाव दोनदा विचारलं. शेवटी आत बोलावलं. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी पाण्याला हात लावला नाही. म्हटलं, "बही दाखव."

त्यानं कपाटातून काढून दिली. माझी सुतळी अजून तशीच होती, गाठ तेवढी वेगळी. मी शेवटचं पान उघडलं. वर माझे तीन ठराव. खाली आमच्या अकरा सह्या. आणि मध्ये, त्या आठ ओळींत, ठराव क्रमांक चार: दफनभूमीच्या मागील बाजूच्या मोकळ्या जागेची मंडळीस गरज उरलेली नाही, ती धर्मप्रांताने योग्य वाटेल त्या कामासाठी वापरावी, त्यास मंडळीची कोणतीही हरकत नाही. आठ ओळींत बरोबर बसवला होता. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि त्यातले सगळे 'ल' ओळीच्या खाली लोंबत होते.

मला त्याचा राग त्या क्षणी आलाच नाही. मला शरम वाटली. वाटलं, अरे, निदान दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यायचंस. हे अक्षर मी शिकवलंय तुला.

"हे तू लिहिलंस?"

"अक्का, बस ना. ऐकून तरी घे." मग तो बोलत राहिला. तिथे मोठं ट्रेनिंग सेंटर येणार, बाहेरचे लोक बांधून देणार, आपल्याच मुलींना शिकायला मिळणार, खान्देशाला कधी काही मिळालं नाही, वडिलांचंच तर स्वप्न होतं. सभा घेतली असती तर वर्ष गेलं असतं, पाड्यावरच्या माणसांना समजावणं कठीण. "तू नाही म्हणाली असतीस का?"

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं! कडुनिंबाच्या मागून घे, एवढंच म्हटलं असतं. अरे, मायची जागा तुला ठाऊक होती. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास!"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आखणी इंजिनियरनं केली. आता नकाशा मंजूर झालाय." मी म्हटलं, मी कमिटी बोलावते, हा ठराव खोटा आहे असं सगळ्यांच्या सह्यांनी कळवते. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, उलट मऊच केला. "अक्का, सही तुझीच आहे ना?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या गुबगुबीत खुर्चीत बसून कळलं. जगात कुणालाही माहीत नव्हतं की आम्ही कोऱ्या ओळींखाली सह्या करतो. ते फक्त घरच्या माणसाला माहीत होतं. चोर बाहेरचा असता तर त्याला कुलूप फोडावं लागलं असतं.

परत येताना जळगावात एका वकिलाला भेटले. भला माणूस. सगळं ऐकून त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "पण बाई, तुम्ही मास्तरीण. कोरी जागा सोडून खाली सही का केलीत?" मी गोऱ्या पाद्र्यापासून सुरुवात केली. बैलगाड्यांपर्यंत आले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. त्याचं चुकत नव्हतं. मलाच ते सांगताना मूर्खासारखं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. जे आमचं सगळ्यांत चांगलं होतं, ते आमच्या बिशपानं मूर्खपणात जमा करून टाकलं होतं.

गावात आल्यावर मी कमिटी बोलावली, अर्ज केला. अकरापैकी चौघांनी सही केली. बाकीच्यांना मुलांच्या नोकऱ्या होत्या, शाळेतले प्रवेश होते, बिशपांची शिफारस कधी ना कधी लागणार होती. मी त्यांना दोष देत नाही. देते, थोडा देते. अर्जाचं उत्तर आलं नाही. वर्षाच्या शेवटी आला तो इतिहास. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर त्याचा फोटो, मागे ओळीनं सगळे बिशप. खान्देशावर प्रकरण होतं, दिलेला शब्द पाळला होता त्यानं. माझ्या वडिलांवर अडीच ओळी होत्या. आणि शेवटी लिहिलं होतं की या मंडळीनं आपली मोकळी जागा धर्मप्रांताला स्वखुशीनं दिली. छापलेलं पुस्तक. पन्नास वर्षांनी कुणी वाचेल तर तेच खरं म्हणेल.

आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती दर आठवड्याला विचारायची, "तो कवय येस?" कधी येतो तो? मी म्हणायची, कामात असतो. एकदा न राहवून माझ्या तोंडून निघालं, "तो काही आता आपला राहिला नाही, माय." तर माझ्यावरच उखडली. "त्याले बोल लावू नको. उपाशी वाढेल पोऱ्या शे." उपाशी वाढलेलं पोर आहे, म्हणे. मी चूल फुंकायला वळले. गॅस आहे आमच्याकडे, चूल कुठली! पण तोंड कुठेतरी फिरवायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर ती गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली आणि गेली. मी जागेसाठी पाळकसाहेबांकडे गेले, त्यांनी ऑफिसात फोन लावला. तारेपलीकडे आता पाया भरला होता, प्रश्नच नव्हता. पुढे जागा कुठेच नव्हती. शेवटी निघाली ती फाटकापाशी, लहान मुलांच्या ओळीत. तिथे जुन्या साथीत गेलेली तान्ही मुलं पुरलेली आहेत, दोन-दोन हातांची थडगी. त्यांच्यामध्ये माझी आई बसवली, पाय भिंतीला लागतील अशी. वडील त्या टोकाला, ती या टोकाला.

आणि अंत्यविधीला तो आला. न बोलावता आला. गाडीतून उतरला तो रडतच. खोटं नव्हतं ते रडणं, मला माणसाचं खोटं रडणं कळतं, हजार मुलं शिकवली आहेत. खड्ड्याच्या कडेला उभा राहून त्यानं विधी चालवला, माती टाकली. एकदाही त्यानं मागे कडुनिंबाकडे पाहिलं नाही. बठ्ठं, सगळं गाव म्हणत होतं, बघा, बिशप झाला तरी मायला विसरला नाही.

आमच्याकडे मंडळीतलं कुणी गेलं की बाहेरगावची माणसं निघायच्या आत दुखवट्याचा ठराव करतात. चहा झाला आणि आम्ही मागच्या खोलीत बसलो, त्याच फोटोंच्या भिंतीखाली. बही परत आली होती, इतिहास छापून झाल्यावर. बिशप हजर असले की अध्यक्ष तेच. मी लिहायला बसले. माझ्या आईचा दुखवटा मीच लिहायचा, दुसरं कोण लिहिणार? तिनं किती मुलांना जेवू घातलं ते लिहिलं. विषमज्वर झालेल्या एका मुलाला तिनं महिनाभर घरी ठेवलं, हेही लिहिलं. नाव घातलं नाही. मग मोजून आठ ओळी सोडल्या. पेन बहीत ठेवलं आणि बही त्याच्यापुढे सरकवली.

"आधी अध्यक्षांची सही. नंतर आम्ही करतो."

त्यानं पेन उचललं. मजकूर वाचला. मग त्याची नजर खाली, त्या कोऱ्या ओळींवर आली आणि तिथेच राहिली. खोलीत त्याच्यापुढे आम्ही अकराही माणसं. अर्जावर सही न केलेले सातही होते. पेन सहीच्या जागेवर टेकलं आणि पुन्हा उचललं गेलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, पण कुणी उठलं नाही.

मी म्हटलं, "करा ना साहेब. आपला रिवाज आहे. तुम्हाला तर ठाऊक आहे."

त्याचे कान लाल झाले, लहानपणी पट्टीची पाळी आली की व्हायचे तसे. त्यानं पेन त्या आठ ओळींच्या वरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि एका फटक्यात खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली, जागा बंद करून टाकली. मग खाली सही केली.

सगळे त्या रेघेकडे बघत होते. मग कोपऱ्यातून नाना, ज्यांनी त्या दिवशी हात धुऊन सही केली होती, ते अगदी साधेपणानं म्हणाले, "साहेब, मंग वचन कठे लिखशात आते?"

मी बही ओढून घेतली, त्याच्या सहीखाली माझी सही केली आणि पेन नानांच्या हातात दिलं.

"राहू द्या नाना," मी म्हटलं. "साहेबांनाच आता आपल्या बहीची भीती वाटते."